भोंग्याआधीची चढाई

घाईत खेळलं की काय होतं, ते मला विचारा. सोलापुरात गिरण्या जोरात चालायच्या तेव्हाची गोष्ट. शेजारचा मल्लेशम घरीच चादरी विणायचा. संध्याकाळी त्याच्या ओट्यावर आमचा बुद्धिबळाचा डाव पडायचा. नियम आमचाच. गिरणीचा भोंगा वाजला की डाव बंद, ज्याच्या सोंगट्या जास्त तो जिंकला. हरणाऱ्याला गल्ली आठवडाभर चिडवायची.

त्या दिवशी माझं एक प्यादं गेलं. झालं! मल्लेशम निवांत तंबाखू मळत बसला. मला बसवेना. आता भोंग्याआधी मात करणं भागच होतं. घोडा दिला, उंट दिला, हत्ती थेट त्याच्या राजाला नेऊन भिडवला.

"शह! खेळ की लवकर!"

"थांब की, बघतोय."

कसलं बघतोय! डोळे तंबाखूवर, कान गिरणीकडं.

शेवटी आतून वैनी ओरडल्या, "अवो, भोंग्याची वाट बघत बसलाय व्हय? आज गिरणीला सुट्टी हाय की!"

मल्लेशमनं तंबाखू तोंडात टाकली, पहिल्यांदाच पटाकडं नीट बघितलं, आणि राजानं माझा हत्ती उचलत म्हणाला, "ह्याच्या पाठीशी कुणीच न्हाय व्हय रे?"