भरती येईल!

...नाही, पण तुम्हीच सांगा, 'मोटरलाँच' म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पांढरीशुभ्र, टोकाला झेंडा, काठावर हात हलवणारी मुलं, आणि वाऱ्यात पदर सावरत उभी असलेली... बरं, मी! पुण्याच्या वसतिगृहात मी हेच चित्र बघत होते हो. आमचं जव्हार संस्थान विलीन झालं त्या दिवशी मी तिथे पेढे वाटले, 'आता प्रत्येक पाड्यावर शाळा!' असं भाषण ठोकलं, ते रेक्टरबाईंनी दिवे घालवल्यावरच थांबलं. आणि दहा वर्षांनी पुढ्यात आलं काय? धरणाच्या कामावर सिमेंट वाहून वाहून थकलेली लाँच! आत बसलं की पातळ करडं, बाहेर बसलं की डिझेलने काळं, आणि मधोमध टांगलेले बोंबील. ते तांडेलकाकांचे.

तांडेलकाका म्हणजे पुंजा तांडेल, डहाणूचे. चाळीस वर्षं समुद्रात. आमच्या शिक्षण मंडळाने त्यांना मुद्दाम आणलं, कारण मोखाड्याकडे बोट चालवणार कोण? आमच्या डोंगरात बोट ही वस्तूच नाही. पण वैतरणेवर धरण झालं, गेल्या पावसात पाणी पहिल्यांदाच भरलं, सात पाड्यांच्या वाटा बुडाल्या, म्हणून मंडळाने 'तरंगती शाळा' काढली. एकेका पाड्याला सात दिवस. पहिला मुक्काम धोंडीबाईच्या पाड्यावर. मूळची टेकडी, आता चारी बाजूंनी पाणी. मंडळाच्या नकाशात तिथे 'बंदर' लिहिलंय! बंदर म्हणजे काय, तर ऐनाचे दोन खुंट आणि खुंटाला बांधलेली धोंडीबाईची शेळी.

मी सात दिवसांसाठी गेले. आणि तुम्हाला सांगते, पाचव्या दिवशी सकाळी उठले ती घरंगळत उठले! लाँच एका कुशीवर. खाली चिखल. पाणी चार हात लांब.

धोंडीबाई काठी टेकत आली. "पोरी, आताच ढकला. उंद्या जड होल."

जिव्या, रघू, मंगळी, सगळा पाडा खांदा लावायला उभा. आणि तांडेलकाका छातीचा कोट करून आडवे! "हात लावू नका! फळी फुटंल. ओहोटी हाय ही. बाय, भरती येल."

आता मी शिकलेली ना? सायन्स घेतलेली! मी म्हटलं, थांबा सगळे, तज्ज्ञ माणूस सांगतोय. नुसतं म्हणून थांबले नाही, फळा बाहेर काढला, चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले आणि पाऊण तास भरती-ओहोटी शिकवली. लोक किती शांतपणे ऐकत होते! मला वाटलं, हेच ते, ह्याचसाठी शिकलो आपण!

संपल्यावर धोंडीबाई म्हणाली, "चांद बेस काढलास. पन हा पानी चांदाकं नाय जात बाय. मुंबईला जातो. नळात."

बघा! इतकी वर्षं शिकून मला जे सुचलं नाही ते...! पण तोपर्यंत पाणी आणखी दोन हात लांब. दुसऱ्या दिवशी वीस माणसांनी ढकलली, लाँच ढिम्म. तांडेलकाका दर सहा तासांनी उठून काठावर जाणार, पाण्यात बोट बुडवणार, जिभेला लावणार, "गोडा हाय, म्हंजी लांबची भरती हाय," म्हणणार आणि परत येणार. मी म्हणायचं, काका, काय म्हणतंय पाणी? "येल बाय. भरती येल."

सात दिवसांचे सत्तेचाळीस झाले हो! सत्तेचाळीस दिवस तिरकं जगणं म्हणजे काय ते कुणाला कळणार? भाताचं पाणी एका कोपऱ्यात, भात दुसऱ्या. झोपले की पहाटेपर्यंत भिंतीत. मुलं रोज यायची, अकरा, अगदी नेमाने! पण अशी तिरकी बसून शिकली, की बाहेर सपाट अंगणात पाटी दिली तरी मान वाकडी करून लिहायची. मंगळीने तर लेकाच्या मानेला तेल चोळलं आठवडाभर!

हसू येतं ना? मला येत नव्हतं. कारण उरलेले सहा पाडे वाट बघत होते, आणि मंडळाचे भास्करराव तर वाटसुद्धा बघत नव्हते. जिव्याने तराफ्यावरून त्यांचं पत्र आणलं. "रामनवमीपर्यंत सातही पाड्यांची हजेरी न आल्यास योजना बंद. लाँच परत." रामनवमी नऊ दिवसांवर! मी दुपारी राजीनामा लिहिला. तोही तिरका आला. घडी घालते आहे, तोच वरून धोंडीबाई ओरडली, अशी ओरडली की मला वाटलं, म्हातारीला साप चावला.

धावत गेले. तर समोरून, पाण्याकडून, एक बाई चालत येतेय. चालत! डोक्यावर टोपली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ती कोंडी. धोंडीबाईची लेक, पलीकडच्या पाड्यावर दिलेली. पाणी भरल्यापासून मायलेकी काठाकाठाला उभ्या राहून हाका मारून बोलत होत्या. दोघींना तराफ्याची भीती, काय करणार? आणि आता पाणी उतरून मधली डोंगराची सोंड उघडी पडली होती, जुनी पाऊलवाट जशीच्या तशी वर आली होती, तिच्या कडेचे दगडसुद्धा.

धोंडीबाईने लेकीला बघून काय केलं असेल? तिच्या पायांचा चिखल पदराने पुसत बसली, आणि वर मलाच सुनावलं, "आमच्या वाटंवं बसला व्हता पानी. बसून बसून बसल किती? उठला ना?"

कोंडी लाँचकडे बघत राहिली. "ही तुमची शाळा? आमची पोरा रोज इचारतात, कवा येनार? आमच्या पल्याडच्या वाटाबी उघडल्यात, तिकडचं पाडंबी इचारतात."

रात्रभर मी भिंतीत होते, पण झोपले नाही. आणि सकाळी कोंडी परत निघाली तेव्हा मी तिला थांबवलं. म्हटलं, जाता जाता सगळ्या पाड्यांना सांग. शाळा यायची नाही. शाळा इथे आहे, वाट उघडली आहे, तुम्ही चालत या. वाटेत पुन्हा पाणी चढलं, तर तेव्हा लाँच तरंगेल आणि आम्ही येऊ! राजीनामा चुलीत घातला. भास्कररावांना लिहिलं, लाँच हलणार नाही, हजेरी मिळेल. आणि तांडेलकाकांना म्हटलं, लाँचची घंटा वाजवा.

ते तयारच होईनात! "उभ्या बोटीची घंटा? अशी रीत नाय, बाय."

"आणि आडव्या बोटीची?"

तेव्हा कुठे वाजवली. त्या घंटेचा आवाज त्या सोंडेवरून पार पलीकडच्या डोंगरापर्यंत गेला, आणि कोंडीने वळून हात हलवला... झेंडा नव्हता, पण काठावर हात हलला बरं का! मी पदर सावरला. वारा नव्हता, तरी सावरला.

तांडेलकाका दोरी हातात धरून तसेच पाण्याकडे बघत होते. म्हणाले, "बाय, पन भरती येल हां."

म्हटलं, येऊ दे की, काका! फक्त तिला सांगा, वार्षिक परीक्षा झाल्यावर ये म्हणावं!