तिसऱ्या मजल्यावरचे माग

छायाकाकू : माग कुठे आहे, ते आधी दाखव.

रुखसार : माग नाही, काकू. वडील आहेत.

छायाकाकू : वडिलांचा असा आवाज येतो?

रुखसार : हल्ली येतो.

छायाकाकू : हे बघ रुखसार, मी खालची शेजारीण म्हणून आलेली नाही. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून आलेय. तिसऱ्या मजल्यावर यंत्रमाग चालतो असं निदर्शनास आलंय. राहत्या इमारतीत कारखाना चालत नाही.

रुखसार : कोणाच्या निदर्शनास आलं?

छायाकाकू : माझ्या. कानांनी. रोज दिवेलागणीला आमच्या शोकेसमधले कप नाचायला लागतात. ह्यांना आधी वाटलं, वर कोणी गिरणी टाकली. गव्हाचा डबा घेऊन निघाले होते दळायला, मीच अडवलं.

रुखसार : यायचं होतं की. चहा तरी झाला असता.

छायाकाकू : विषय बदलू नकोस. तो काळा खोका कसला?

रुखसार : स्पीकर. मावसभावाच्या वरातीतला. लग्न झालं, स्पीकर आमच्याकडे राहिला. बॅटरीवर चालतो, त्यामुळे सोसायटीच्या लाईटीवर बोजा नाही.

छायाकाकू : आणि माग?

रुखसार : त्या स्पीकरच्या पोटात. अब्बांचा मालेगावात कारखाना आहे, आता माझा चुलतभाऊ नईम बघतो. त्याने कारखान्यातला आवाज फोनवर रेकॉर्ड करून पाठवलाय. तो लावला की अब्बा चालतात. बंद केला की बसतात.

छायाकाकू : चाबीच्या खेळण्यासारखे?

रुखसार : खेळणं ऐकतं तरी.

लियाकत : कोण हाय, बेटा? मीटर बघायला आले का?

रुखसार : खालच्या छायाकाकू आल्यात, अब्बा. माग बंद करा म्हणतात.

लियाकत : कुठला? दोन नंबरचा असेल. त्याचा धागा लय तुटतो, मला माहीत हाय.

छायाकाकू : दोन नंबर म्हणजे?

रुखसार : फ्रीज.

लियाकत : या ताई, बसा. त्या सोफ्यावर नका बसू, तो चालू हाय.

छायाकाकू : मग कशावर बसू?

लियाकत : खुर्चीवर बसा. खुर्ची मोकळी हाय. ती मालकाची.

छायाकाकू : रुखसार, इकडे ये जरा. हळू बोल. यांचं डोकं ठीक आहे ना?

रुखसार : डोकं ठीक आहे. छाती नाही. चाळीसेक वर्षं कापसाची धूळ खाल्लीय. डॉक्टर म्हणाले, या थंडीत धुक्यात बाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि चालणं तर सोडायचंच नाही, नाहीतर श्वास आणखी आखडेल. म्हणजे घरात चाला. संक्रांतीनंतर तपासणी आहे. दम टिकला तर मालेगावला जायची परवानगी. नाही टिकला तर ऑक्सिजनचं नळीवालं मशीन येणार घरी, मग ते आणि मशीन, दोघं कायमचे माझ्याकडे.

छायाकाकू : मग ते चालण्याचं यंत्र घ्यायचं. पट्टा फिरतो ते. आवाज नाही, काही नाही.

रुखसार : दुकानात नेलं होतं दाखवायला. त्यावर उभे राहिले आणि विक्रेत्याला विचारलं, कापड कुठून बाहेर येतं?

लियाकत : नाय येत. इतका पट्टा फिरवतात आणि हातभर फडकं नाय निघत. नुसती मजुरी.

रुखसार : मग मॉलमध्ये नेलं. आत ऊन नाही, धुकं नाही, गुळगुळीत फरशी. अर्धा तास छान चालले. मागे वळून बघते तर पाठीमागे वॉचमन चालतोय. यांनी प्रत्येक दुकानात शिरून लटकवलेल्या कुर्त्यांचं कापड चोळून बघायचा धडाका लावला होता. एका बाईंना सांगितलं, हे घेऊ नका, आडवा धागा विरळ हाय.

लियाकत : विरळच होता. एका धुण्यात पोतेरं झालं असतं. बाईने नाय घेतलं. दुकानवाल्याला राग आला.

रुखसार : नंतर फोनवर व्यायामाचे व्हिडिओ लावले. त्यातली मुलगी सारखी इंग्रजीत शाबासकी देते. अब्बा म्हणाले, ही मला बघतच नाही, मग शाबास कोणाला म्हणते? शेवटी मीच चिडून विचारलं, मग तुम्हाला चालायला लागतं तरी काय?

लियाकत : मी बोललो, आवाज. ताई, मी सगळी उमर घरातच चाललो. पत्र्याखाली. एका कारागिराला सहा-आठ माग. ह्याची धाग्याची कांडी संपली, त्याचा धागा तुटला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बसायला मिळत नव्हतं. आता हा डॉक्टर मला सांगतो, चाचा, घरात चालायला शिका. मी बोललो, तू बस, मी दाखवतो.

छायाकाकू : म्हणून फ्रीज.

रुखसार : फ्रीज, सोफा, कपाट, टीव्ही, दिवाण. आणि वॉशिंग मशीन, ते त्यांच्या मते सगळ्यात कामसू. आवाज लावला की अब्बा त्यांच्यामधून फिरतात. धागा तुटला वाटलं की थांबतात, गाठ मारतात, पुढे जातात.

छायाकाकू : फ्रीजला गाठ?

लियाकत : हवेत मारतो, ताई. फ्रीजला कशाला मारू?

छायाकाकू : बरं, ते जाऊ दे. पण मध्येच एकदम बंद का पडतं? खूप वेळ चिडीचूप, आणि परत दणादण. त्याने जास्त दचकायला होतं.

रुखसार : लाईट जाते.

छायाकाकू : आपल्याकडे तर असते त्या वेळी.

रुखसार : मालेगावची जाते. नईमने फोन चालू करून मागावर ठेवला आणि थोड्या वेळाने कारखान्याचीच लाईट गेली. फोन तसाच चालू ठेवून तो चहाला गेला. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये लाईट जाते, कारागीर गप्पा मारतात, मग लाईट येते आणि माग सुरू होतात.

छायाकाकू : आणि तेवढा वेळ तुझे वडील?

रुखसार : बसतात. लाईट नसताना कोण काम करतं?

छायाकाकू : अगं, मग तो तुकडा कापून टाक ना.

रुखसार : कापला होता. दुसऱ्या दिवशी चालता चालता थांबले आणि म्हणाले, आज लाईट कशी गेली नाही? हे मालेगाव नाही.

लियाकत : बरोबर बोललो. असं कधी होत नाय.

छायाकाकू : पण खरं सांगू का, त्या गप्पा रंगतात हां चांगल्या. मी त्या वेळी गॅलरीत भाजी निवडत असते. तुमचा तो भोंगा गॅलरीच्या दाराशीच, शब्द न् शब्द खाली येतो. एकजण सारखा खोकतो. दुसरा सासऱ्याला नावं ठेवतो, त्याने म्हणे मोटारसायकल कबूल करून सायकल दिली. रोज तेच बोलतात, तरी मी रोज ऐकते.

रुखसार : काकू, चहा टाकते.

छायाकाकू : टाक. आणि मग ते कोणाचे माग भंगारात घालायचे म्हणतात ना, तिथे मला फार वाईट वाटतं. कोण गं तो चाचा?

रुखसार : साखर किती घालू?

छायाकाकू : बिनसाखरेचा. "चाचा अब क्या आता", असं म्हणून हसतात ते. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, काय माणसं आहेत, म्हाताऱ्या माणसाबद्दल असं बोलावं का?

रुखसार : काकू, प्लीज.

छायाकाकू : काय झालं?

लियाकत : तो मी, ताई.

रुखसार : अब्बा, तुम्हाला ते ऐकू येतं?

लियाकत : मागाने मी थोडा बहिरा झालो हाय. दगड नाय. लाईट गेली की मी स्पीकरला कान लावून बसतो, तुला वाटतं अब्बा दमले.

रुखसार : मला वाटलं, तुमच्यापर्यंत पोचत नाही. कधी पोचू नये म्हणून तर कापलं होतं. लाईटचं नव्हतं काही.

लियाकत : माहीत हाय. म्हणून तर नईमला फोन करून परत मागवलं. पूर्ण पाठव बोललो. त्या येड्याला माहीतच नाय त्यात काय बोलणं हाय. त्याने स्वतःच भंगारवाल्याला शब्द दिलाय आणि स्वतःच मला हे पाठवलंय.

छायाकाकू : मला माफ करा हो. मी उगाच...

लियाकत : तुम्ही कशाला? तुम्ही तर माझ्या बाजूने होता. नवऱ्याशी बोललात पण.

छायाकाकू : पण रोज कशाला ऐकायचं असलं? मनाला लागतं ते.

लियाकत : लागायलाच ऐकतो. ही म्हणते, मागाच्या आवाजाने अब्बा चालतात. माग चालतो तेव्हा पाय चालतात, ते खरं हाय. पण लाईट आल्यावर मला खुर्चीतून उठवतात, ती माणसं. तो हसला ना, चाचा अब क्या आता, की मी उठतो.

छायाकाकू : हो. लाईट आल्यावर पावलं जास्त जोरात पडतात. आमचे कप तेव्हाच नाचतात.

रुखसार : आणि जाऊन काय करणार, अब्बा? भांडणार नईमशी?

लियाकत : भांडायचं काय? बस स्टँडवर उतरायचं. कारखान्यापर्यंत चालत जायचं. कोणाचा हात नाय, रिक्षा नाय. दारात उभं राहायचं. मग विकू दे माग. पण मला बघून विकू दे. मेलेल्याचा माल विकल्यासारखा नको.

रुखसार : दारात?

लियाकत : दारात.

रुखसार : तुम्ही दारात थांबणारे आहात? तुटलेला धागा दिसला आणि तुम्ही आत गेला नाहीत, असं झालंय कधी? त्याच धुळीने छाती गेली. मला ते मशीन आणावं लागलं तरी चालेल, पण तुम्ही इथे तरी असाल.

लियाकत : इथे असेन. खुर्चीत. नळी लावून. मग ते हसतात ते खरं होईल ना, बेटा.

छायाकाकू : हे बघा, तुमचं घरातलं तुम्ही बघा. पण मी आले त्याचं काय? मला पाच घरांनीही सांगितलंय. चाचा, मला तुमचं पटतंय. पण मी सेक्रेटरी आहे. आवाज बंद करावा लागेल.

लियाकत : नाय करणार.

छायाकाकू : मग नोटीस काढावी लागेल.

लियाकत : काढा. मी स्पीकर डोक्यावर घेऊन रस्त्याने चालतो. धुकं तर धुकं.

छायाकाकू : रुखसार, तू तरी समजाव. तुला तर ते मालेगावला गेलेले नकोच आहेत. आवाज बंद झाला तर तुझ्या मनासारखंच होईल.

रुखसार : हो. माझ्या मनासारखं होईल.

छायाकाकू : मग कर बंद.

रुखसार : नाही होणार बंद, काकू.

छायाकाकू : अगं, पण आत्ताच तू...

रुखसार : त्यांनी मालेगावला जाऊ नये, हे मी त्यांना सांगेन. रोज सांगेन, भांडेन. पण पाय धडधाकट असताना सांगेन. तुम्ही नोटीस काढा. दाराला चिकटवायची तर डिंक मी देते. वर लिहा, तिसऱ्या मजल्यावर बेकायदेशीर वडील चालवले जातात.

लियाकत : शाब्बास.

रुखसार : तुम्ही बोलू नका. मी अजून तुमच्यावर रागावलेय.

छायाकाकू : तुम्ही बापलेक दोघंही सारखेच. चहा कुठाय माझा?

रुखसार : हा घ्या. बिनसाखरेचा. डॉक्टरांनी सांगितलं का?

छायाकाकू : केव्हाच. आणि म्हणाले, रोज चाला. जायचे मी गोदापार्कला. ही थंडी पडल्यापासून पांघरुणातून नाकसुद्धा बाहेर काढवत नाही. डॉक्टरांना सांगते, चालते की.

लियाकत : खोटं बोलता?

छायाकाकू : सेक्रेटरी म्हणून नाही बोलत. पेशंट म्हणून बोलते.

लियाकत : ताई, चहा संपवा. वॉशिंग मशीन आणि दिवाण तुमच्याकडे. नवीन कारागिराला दोनच माग देतो. बेटा, लाव.

छायाकाकू : अहो, मी तपासणीला आलेय.

लियाकत : तपासा की. चालता चालता तपासा. घाई नाय करायची. इकडून जायचं, तिकडून यायचं. धागा तुटला की थांबायचं.

छायाकाकू : तुटला हे कळतं कसं?

लियाकत : तुमच्या मनावर हाय. दम लागला की समजायचं, तुटला.

छायाकाकू : मग माझा तर आत्ताच तुटला.

लियाकत : मारा गाठ. हां, अशी. अंगठ्याखालून. छान. चला पुढे.

रुखसार : काकू, खाली काका एकटेच आहेत. दळण घेऊन येतील वर.

छायाकाकू : येऊ देत. टीव्हीला माणूस नाहीये अजून. अगंबाई, थांबलं. माझ्याकडून काही बिघडलं का?

रुखसार : लाईट गेली. मालेगावची. बसा आता.

छायाकाकू : मी स्पीकरजवळ बसते. हा बघा, खोकला. आता सासरा येईल.

रुखसार : अब्बा, पुढे ढकलू का? फक्त आजचा दिवस.

लियाकत : नको. बोलू दे त्यांना.

छायाकाकू : आलं. हसला बघा मेला. चाचा येतायत म्हणावं. तयारीत राहा म्हणावं.

रुखसार : काकू, ते रेकॉर्डिंग आहे.

छायाकाकू : माहितीये मला. म्हणून काय ऐकून घ्यायचं?

(घरातली लाईट जाते. बॅटरीवरच्या स्पीकरमध्ये माग पुन्हा सुरू होतात.)

रुखसार : अब्बा, उठू नका. थांबा, मी मोबाईलचा उजेड करते. लाईट गेलीय.

लियाकत : इथली गेली, बेटा. तिथली आली.