चालते माग

नका हो, नका! ती कात्री आधी खाली ठेवा, श्रीमंतकाका — हो, माहीत आहे मला, कुमारशेठनी हे माग तुम्हाला भंगारात दिलेत, किल्ली मीच दिली की मघाशी — पण मागावरचा उभ्या दोऱ्यांचा ताणा असा कापायचा नसतो. कापड उतरलं तरी दोऱ्यांची शेपटं फणीत तशीच ठेवतात, नव्या ताण्याचा एकेक दोरा त्यांना गाठ मारून ओढून घेतात. कापलंत की संपलं. मग पहिल्यापासून ओवत बसा — आणि ओवणारं माणूस आणायचं कुठून? आमच्याकडं या काशम्मा तेवढ्या उरल्यात, दारात बसल्यात बघा, मागांना शेवटचं बघायला आल्यात — आई गं! काय पडलं? पाना होय. दचकले मी. काही नाही, बोला. नाही, थांबा, मीच बोलते.

इथं बँडेजचं कापड निघायचं, माहितीये ना? करोनात बाहेरचा माल बंद पडला, तेव्हा दवाखान्यांच्या गाड्या ह्याच गेटाला उभ्या असायच्या. मी इथली साधी सुपरवायझर, पण मोठमोठे साहेब मला फोन करायचे — ‘धम्मप्रियाताई, कापड निघालं का?’ ताई म्हणायचे! नंतर शाल दिली, नारळ दिला. आणि पुढं? बाहेरचं स्वस्त कापड परत सुरू, आमची ऑर्डर बंद. आता शेठ म्हणतात, लग्नाचा हॉल बांधू. बांधा की! उद्या परत साथ आली, लढाई झाली, तर जखमेवर काय बांधायचं — हॉलच्या झालरी? तेव्हा नवे माग घेऊ म्हणाल. माग मिळतील हो, चालवणारा हात लगेच मिळतो का? नाही मिळत. म्हणून तर शेठ मंद्रूपला शेतावर गेले की मी काशम्मांना बोलावून थोडे थोडे चालवते —

कोणाला विचारून? कोणालाच नाही. म्हणजे — असे काय बघताय? बंद पडलेत असं वाटलं होतं तुम्हाला? अहो, फोन कशाला काढताय? ‘चालते माग आहेत, गिऱ्हाईक बघ’ — कुणाला सांगताय हे? परराज्यात? लोखंडाच्या भावात घेऊन अख्खेच्या अख्खे विकणार? अगं बाई, काय बोलून बसले मी! थांबा. मीच लावते शेठना. नोकरी गेली तर जाऊ दे.

हॅलो, सर — धम्मप्रिया. सर, माग बंद नाहीत, चालतात — मी चालवत होते, तुम्हाला न सांगता — हो, लाईट वापरली — सर, रागवा नंतर, आधी ऐका ना, विकू नका, निदान दोन तरी ठेवू या, काही झालं तर — काय? — हो. हो सर. सांगते.

काय म्हणाले? शाब्बास पोरी म्हणाले. चालते असतील तर काकांना भाव वाढवून सांग म्हणाले.

हसा. लई हसू येतंय ना? पण भाव ठरेपर्यंत तरी माग इथंच आहेत की. काशम्मा, उठा, दोरा लावा. आणि तुम्ही पट्ट्यापासून लांब व्हा, काका — एकदा हे सुरू झालं की तुमचं काही ऐकू येणार नाही मला. निघा.