अंगठ्याखालचं झाकण

नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या मास्तरीणबाईंच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या सुताराचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं पडत होतं.

“अगं, बोटं बधिर झाली तर लाकडावर ठिपक्यांची नक्षी कशी ठोकू? एक ठिपका अंगठ्यानं चाचपतो, तेव्हा कुठे दुसरा ठोकतो.”

“जन्मभर माझं ऐकलं नाहीत, आता अंगठ्याचं तरी ऐका! मिटा डोळे. हे तुम्हीच केलेल्या डबीचं झाकण. कुठली बाजू लागतेय?”

“ठिपक्यांची.”

मास्तरीणबाईंनी पाहिलं. अंगठा झाकणाच्या गुळगुळीत बाजूवर फिरत होता.

“बोल ना! चुकलो का?”

“बरोबर आहे.”

“हुश्श! मग चल घरी. डॉक्टर हवाय कशाला?”

“आपला नंबर पुकारला. उठा.”

“अगं, बरोबर म्हणालीस ना?”

“उठा हो.”