बटण बघणारी ओळ

नाही नाही वहिनी, तो डबा राहू द्या, तो माझा—झाकण त्याचं, डबा माझा, आमचं वर्षानुवर्षं असंच चाललंय. स्वेटर घेतलात ना त्याचा? बसा दोन मिनिटं, सगळे जेवायला गेलेत. काय विचारलंत—यंत्र थांबवायच्या बटणाची चाचणी त्यानं खरंच केली नव्हती का? अहो, केली होती! तुमच्या नवऱ्याला गुरुजी म्हणायचो आम्ही, उगाच नाही. चाळीस वेळा बटण दाबायचं ठरलं तर हा माणूस एकेचाळिसाव्यांदा दाबणार, वर मला बघायला बोलावणार. तो खोटा अहवाल लिहील? काहीतरीच.

मग यंत्र थांबलं का नाही—हं, तेच दाखवतो. पडद्यावर हे वरचं त्यानं लिहिलेलं: पट्टा फिरव, आणि दर फेरीला लाल बटण दाबलंय का बघ. दिसतेय ओळ? त्याला कामावरून काढलं त्या बैठकीत साहेबांनी हीच भिंतीवर दाखवली—म्हणाले, ओळ लिहिली, चालवून पाहिलीच नाही, आणि पाहिली म्हणून सही ठोकली. पण यंत्र ही ओळ वाचतच नाही हो! कंपायलर म्हणून एक प्रोग्राम असतो, तो तिच्या बारीक बारीक सूचना करतो, यंत्र त्या पाळतं. त्या बघायच्या तर ही दुसरी खिडकी उघडायची, डिसअसेंब्ली म्हणतात—सहसा कुणी उघडत नाही, डोकं उठतं. आता एकेक सूचना पुढे सरकवतो, बघा. बटण पाहिलं. पट्टा फिरवला. परत वर गेलं—कुठे गेलं? पट्ट्यावर. बटणाकडे नाहीच. पुन्हा पट्टा, पुन्हा पट्टा. सुरुवातीला एकदा पाहिलं, तेव्हा दाबलेलं नव्हतं, आता जन्मभर दाबलेलं नाही असंच धरून चाललंय. गिऱ्हाईकाच्या कारखान्यात पट्ट्यावर काम करणाऱ्या त्या बाई हात अडकल्यावर दुसऱ्या हातानं बटण दाबत होत्या, आणि हे आपलं फिरतंय. दोन बोटं गेली त्यांची.

कशामुळे? कंपायलरला एक सोय असते, वेग वाढवायची—त्याला जे उगाचचं वाटतं ते तो गाळून टाकतो, तसं दर फेरीला बटण बघणंही गाळलं. गुरुजींनी ती बंद ठेवली होती, चाचणी तशीच झाली, पास झाली. मग चालू झाली. झाली म्हणजे—केली. मी केली, वहिनी. गिऱ्हाईक कुरकुरत होतं, मिनिटाला दोन खोकी कमी पडतात म्हणून. मी म्हटलं एवढंच ना, केली चालू, दिलं पाठवून. त्याला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून चाचणी लावली असती त्यानं, दोन दिवस गेले असते, माझं डोकं खाल्लं असतं—म्हणून गप्प बसलो. एवढ्यासाठी, बघा.

मला कधी कळलं? आत्ताच हो, याच आठवड्यात. त्याला काढल्यावर. नंतरच कळलं—मी असाच बसलो होतो, ही खिडकी उघडी, सूचना मोजत, आणि तो मागून दोन चहा घेऊन आला, म्हणाला, "काही सापडलं का रे?" मी घाईघाईनं खिडकी—

हो. तो होता तेव्हा. मागच्या आठवड्यातला मंगळवार होता. बैठक बुधवारी. मी म्हटलं, "नाही." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "जाऊ दे, आधी चहा घे, किती वेळ बसलायस माझ्यासाठी." आणि मी घेतला, वहिनी. सगळा प्यायलो. दुसऱ्या दिवशी बैठकीत त्याच्या शेजारीच बसलो होतो. लाज वाटते म्हणायचीही लाज वाटते.

असं बघू नका माझ्याकडे. साहेबांना सांगणारच आहे मी—आज नाही, आज ते बाहेर आहेत—फोन कुणाला लावताय? त्याला नको. वहिनी, त्याला नका ना सांगू. तो अजून रोज सकाळी फोन करून मला विचारतो, तुझ्यावर तर काही आलं नाही ना म्हणून. ठेवा तो फोन. जा तुम्ही आता. जा.