खांबावरची माय

...आता तुम्हीच सांगा, शाल घेऊन मी काय करू? मार्चचं ऊन, मूल गावचं कॉलेज, पंखा एक अन् तोही अध्यक्षाच्या डोक्यावर, अन् मले शाल! नारळ! वरून टेबलावर पाटी, 'एआय तज्ज्ञ प्रणितभाऊ'! हजेरी कमी म्हणून मले हाकललं ते ह्याच कॉलेजनं, तुमाले सांगतो, ह्याच गेटातून. अन् आता पोरायच्या यंत्रायच्या स्पर्धेले बोलावलं काऊन, तं परीक्षक म्हणून!

काऊन म्हणजे, वाघ पाहून ओरडणारा गावातला पहिला कॅमेरा मी बनवला ना. धानाच्या बांधावर खांब, खांबावर कॅमेरा, त्याच्या खाली भोंगा. वाघ दिसला की भोंग्यातून माह्या मायचा आवाज, "ए, घरी चाला रे! वाघ आला ना! ऐकू येते का नाई?" सायरनले आमच्या इथी कोणी भीत नाई, मायले भ्यायचे. मंग माय गेली. वाघानं नाई हो, साध्या काविळीनं. आवाज खांबावरच राह्यला.

तुम्ही म्हणाल, फोनात असन ना लेका, ऐक! हाये ना. पण फोनातलं बटन मीच दाबतो. खांबावर कसं, माय आधी पाहते... मंग ओरडते. म्हणून संध्याकाळी पट्ट्यापट्ट्याची चादर पांघरतो अन् बांधावरून चार पायानं चालतो. कॅमेऱ्याले वाटते वाघ. "ए, घरी चाला रे!" झालं, मी निघालो घरी. हसा, हसून घ्या!

तं अध्यक्ष वामनराव गुरुजी. एआय म्हणजे काय हे चहा पेता पेता मलेच विचारलं, अन् माइक हातात आला तशी घंटाभर त्याच्यावरच भाषण झोडलं, "आजच्या तरुण पिढीने..." तरुण पिढी उपाशी बसली होती, गुरुजी! जिंदगीभर पोट्ट्यायची पाठ सुजवली ह्या माणसानं, आता बुद्धिमत्ता शिकवून राह्यला! पोरायची यंत्रं पाहाले टाइम उरला चिमूटभर. अन् मी कोण, तं परीक्षक!

साधना नावाची पोरगी उठली. "सर, बांधावरच्या जुन्या यंत्राची एक चूक आम्ही दुरुस्त केली. पहिला नंबर आला तर आमचंच खांबावर लावणार हायेत." अन् पडद्यावर फोटो टाकला. भिंतीएवढा. चादर... अन् चादरीबाहेर माह्यी मागची बाजू!

गुरुजी खुर्चीतून उसळले. "अरे, कोण हा बावळट? ह्याला घरी बोलवणारं कोणी नाही का?"

हॉल फुटला हसून. मी शालीनं तोंड पुसलं. शाल कामी आली, बरं का.

साधना नाई हसली. "ह्या माणसामुळे लोकायनं भोंग्याकडे लक्ष देणंच सोडलं, सर. मागच्या हप्त्यात खरा वाघ आला. भोंगा ओरडून राह्यला अन् सुगंधाबाई गवत कापत बसली, म्हणे असन तो चादरवाला. वाघानं बाजूची बकरी उचलली, म्हणून बाई वाचली. आता यंत्र माणूस ओळखते. चादर घेऊन कितीही फिरो, भोंगा गप्प."

गप्प.

मी विचारलं, "आवाज... बदलवला का?"

"नाई सर. सुगंधाबाई म्हणते, माह्या मैत्रिणीचाच पाहिजे."

गुरुजीनं कोपरानं ढोसलं, "टाका मार्क, जेवण थंड होऊन राह्यलं!" पेन माह्या हातात. शून्य टाकलं असतं तं खांब होता तसा राह्यला असता... सांगा ना, काय टाकावं मी? सुगंधाबाई मायची मैत्रीण. अन् मले बोलावलं, तं परीक्षक म्हणून!

देल्ला पहिला नंबर.

कालही गेलतो. चादर घेऊनच. आता माय पाहते... बरोबर ओळखते... अन् काईच बोलत नाई. अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात, तुमाले सांगतो, वाघाची वाट पाहणारा मी एकटाच असन. तो आला म्हणजे, त्याच्या निमित्तानं का होईना, मलेबी कोणी घरी बोलावन.