क्रूसाच्या सणाची माळ

(मेक्सिकोत, ओआहाकाच्या खोऱ्यातला एक लहानसा भाजीचा मळा. मधोमध हाताने खणलेली विहीर, काठावर दोन घागरी आणि झेंडूची माळ. आज क्रूसाचा सण, म्हणजे विहिरींना माळा घालायचा दिवस. म्हातारा आबुंदियो आणि त्याची मुलगी ओदिलिया सकाळपासून भांडतायत.)

ओदिलिया : म्हणून म्हणते बाबा, ठिबकच बरं. पाणी थेट मुळाशी जातं.

आबुंदियो : थेंबथेंब! लेट्यूस आहे ती, सलाइन लावायला आजारी माणूस नाही.

ओदिलिया : मग तुषार लावू.

आबुंदियो : म्हणजे निम्मं पाणी वाऱ्याबरोबर शेजारच्या सेवेरोच्या शेतात. बोअर मारून आपलं कमी प्यायलाय का तो?

ओदिलिया : मग काय करायचं ते तुम्हीच सांगा.

आबुंदियो : घागर. दोन हातांत दोन घ्यायच्या आणि वाफ्यावाफ्यातून चालायचं. रोज एकेका रोपाचं तोंड दिसतं. आपण विषारी फवारे मारत नाही, मग पानाखाली कीड बसली तर नळीला कळणार आहे?

ओदिलिया : खरंय. पण तुमचा उजवा हात वर जातो का? काल टोपी घालायला मला हाक मारलीत.

आबुंदियो : टोपी घट्ट आहे.

ओदिलिया : हो, टोपीच म्हातारी झाली! उद्या ठिबकवाला विहीर बघायला येतोय. क्षार असले तर नळ्या बुजतात म्हणाला, म्हणून आज मी पाणी चाखलं.

आबुंदियो : तुला कुणी सांगितलं होतं नसते उद्योग करायला?

ओदिलिया : पाण्याला नळाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाचा वास येतोय, बाबा.

आबुंदियो : वाऱ्याने येत असेल कुठून तरी.

ओदिलिया : बाबा, माझ्याकडे बघा.

आबुंदियो : विहीर कोरडी ठेवली की रुसते. आपलं पाणी तिला पाजलं की झरे परत येतात. माझी आजी असंच करायची. आधी मी घरातली एक घागर ओतायचो.

ओदिलिया : आणि नंतर?

आबुंदियो : नंतर टँकर. तू बाजाराला गेलीस की बोलवायचो. निम्मं जमिनीतच मुरतं. नाताळापासून या विहिरीत तिचं स्वतःचं एक थेंब पाणी नाही.

ओदिलिया : आणि मी इथे नळ्या निवडत बसलेय! सांगितलं का नाहीत?

आबुंदियो : सांगितलं असतं तर तूही उत्तरेला, अमेरिकेत नेरेओकडे निघून गेली असतीस. तुझा भाऊ गेला तो आईच्या मातीलाही आला नाही.

ओदिलिया : गेले नसते असं मी म्हणत नाही.

आबुंदियो : ठाऊक आहे मला. म्हणून तर ओतत राहिलो.

ओदिलिया : आपणही बोअर मारला तर?

आबुंदियो : सेवेरोचा नुसता गाळ ओकतोय आता. खाली काही उरलं नाही, पोरी.

ओदिलिया : म्हणजे आता ठिबक नाही, तुषार नाही, घागरही नाही.

आबुंदियो : काहीच नाही. एवढी लेट्यूस काढू, मग तू जा.

ओदिलिया : आणि तुम्ही?

आबुंदियो : मी कुठे जाणार? टोपी घेईन कुणाकडून तरी घालून. ती माळ दे इकडे.

ओदिलिया : पाणी नसलेल्या विहिरीला माळ घालायची?

आबुंदियो : तुझ्या आईलाही घातलीच की.

ओदिलिया : थांबा, मी घालते. तुमचा हात पोचायचा नाही.